बाहेर न बसलेले पाच महिने

कोसमटोला, ता. चामोर्शी
९ जानेवारी २०२४

चंचल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकलं नसशील, तर पुढे वाच.

फोन लावून लावून थकले. आधी रिंग तरी जायची, आता तीही जात नाही. एकदा तुझ्या भावानं, सुनिलनं उचलला आणि म्हणाला, "बाई, ते बोलत नाई म्हनते तुमच्यासंग." त्याचं तरी काय चुकलं? सासरहून बहीण तोंड मिटून परत आली, तर तो तिच्या थोरल्या जावेशी गोड कशाला बोलेल? मग म्हटलं, लिहूनच काढू. गावची आशा झाल्यापासून मी दुसरं करते तरी काय, दिवसभर रजिस्टरच भरते. कोणाला कितवा महिना, कोणाच्या लेकराला कोणती लस. तुझं-माझं मात्र त्यात कुठेच नाही.

इथलं बरं आहे. धान निघालं, खळं उरकलं. धानाच्या बांध्यांमध्ये पेरलेली लाखोळी फुलली आहे, सकाळी धुऱ्यावर उभं राहिलं की निळंनिळं दिसतं. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, पण सासूचं तोंड चालू आहे. माझ्या दोघी विचारतात, काकू कधी येणार. मी म्हणते, परीक्षा झाल्यावर. त्यांची एक परीक्षा होऊनही गेली.

परवा सडकेवर तो चुन्याचा पट्टा शोधला. आठवतो का? तू पोलीस भरतीसाठी धावायचीस तेव्हा मामाजींनी बैलाच्या कासऱ्यानं मोजून आठशे मीटर धरले आणि दोन्ही टोकांना चुना टाकला. गाव हसलं. लटारू सुनेला कासऱ्यानं मोजून पळवतो म्हणाले. मामाजींनी कुणाकडे पाहिलं नाही, धोतर खोचून उभे राहिले आणि तुला म्हणाले, "पोरी, पाय." बस, एवढंच. तू सुटलीस की मी पलीकडच्या टोकाला तुझी चप्पल आणि पाण्याची बाटली घेऊन उभी असायचे. दम लागलेली, लाल झालेली तू यायचीस आणि पहिला प्रश्न, "बाई, किती लागले?" माझ्या घड्याळात सेकंदाचा काटाच नव्हता. मी अंदाजानं सांगायचे, तेही तू खरं धरायचीस.

आता जे सांगायला बसले ते सांगते. प्रफुलसाठी दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे, सिंदेवाहीकडची. शिवरात्र झाली की साक्षगंध करू म्हणतात. त्याआधी मामाजी फारकतीचा कागद घेऊन तुझ्या माहेरी सिरोंच्याला येतील. तू सही करू नकोस. का ते मी पुढच्या पत्रात लिहीन, आज धीर होत नाही.

थोरली समज की चोरटी समज,
कांता


कोसमटोला
२४ जानेवारी २०२४

चंचल,

उत्तराची वाट पाहिली नाही, म्हणजे पाहिली, पण न पाहिल्यासारखी.

चामोर्शीचा तो बाजार आठवतो? दोन वर्षं होतील आता मार्चमध्ये. आत्याबाईंना सांगितलं, सुकट आणायला जातो. तू महिनाभर माझ्या मागे लागली होतीस. भरती निघेपर्यंत लेकरू नको, गोळी रोज खाल्ली तर घरात दिसेल, प्रफुल ऐकणारा नाही, त्याची आई तर नाहीच. मीच तुला म्हटलं की तीन महिन्यांची सुई असते, दंडात टोचली की झालं, कोणाला कळत नाही. आपल्या उपकेंद्रात गेलो असतो तर पोचायच्या आत घरी बातमी आली असती, म्हणून तुला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर चित्रांचं पुस्तक उघडून बसली होती. मी म्हटलं, सिस्टर, मी आशाच आहे, हिला सगळं सांगून आणलंय, आमची काळीपिवळी जीप सुटून जाईल. तिनं पुस्तक मिटलं. कार्डावर आशाचं नाव लिहायची जागा होती, ती मी कोरी ठेवायला लावली. परत येताना आपण भजी खाल्ली आणि सुकट घ्यायचीच विसरलो. आत्याबाईंना सांगितलं, बाजारात आलीच नव्हती.

सुई घेतली की काय काय होतं ते मी तुला सांगितलं होतं ना? मला वाटतं सांगितलं होतं. गोठ्यात, शेण काढताना. गावातल्या चौदा बायकांना मी ते पाठ म्हणून दाखवलं आहे, घरच्या बाईला कसं नाही सांगणार?

पुढे मोहफुलांच्या दिवसांत तुला थेंब थेंब जायला लागलं आणि थांबेना. सुईनं होतं तसं सुरुवातीला, घाबरायचं काम नसतं. पण आपलं घर पडलं आत्याबाईंच्या सोवळ्याचं. पाळीची बाई चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत, तिचं ताट वेगळं, पाणी वरून, पाचव्या दिवशी न्हाऊन आत. तुझे चार झाले, सहा झाले, अकरा झाले. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली आणि तू पडवीतून त्यांच्याकडे पाहत बसलेली. आत्याबाई म्हणायच्या, "हे कोनती पाळी व माय, सरतच नाई." मी हातभर अंतरावर चारोळ्या फोडत बसायचे आणि आपण गप्पा मारायचो. तुझ्या शाळेतला तो तेलुगू मास्तर, त्याची नक्कल तू त्या अकरा दिवसांत इतकी केलीस की माझ्या मुली अजून करतात. खरं सांगू, लग्न होऊन आल्यापासून या घरात माझ्याशी एवढं कोणी बोललंच नव्हतं.

जूनमध्ये दुसरी सुई घेतली आणि मग तुझं बाहेर बसणंच बंद झालं. रोवणी लागली, पऱ्हे उपटणं सुरू झालं, सगळ्या बायका चिखलात, आणि आत्याबाईंचं लक्ष तुझ्यावर. त्या कॅलेंडर पाहत नाहीत, पण कोण कधी बाहेर बसलं ते त्यांना विचारावं. रोवणी उरकली तरी तू बाहेर बसली नाहीस. श्रावण लागला आणि त्यांनी तुझ्या हातातला पाण्याचा हंडा काढून घेतला.

ते बाहेर न बसलेले पाच महिने आठवतात का गं? श्रावणापासून तर सगळं घर तुझ्याभोवती. तुला भूक लागायची ती सुईमुळे, पण त्यांना वाटले डोहाळे. तू वास्त्याची भाजी म्हणालीस, तर मामाजी भर पावसात जंगलात जाऊन बांबूचे कोवळे कोंब घेऊन आले, पाय काट्यांनी फाटलेले. प्रफुल बाजारातून जिलेबी आणायचा आणि आधी तुला, मग माझ्या मुलींना. तुझा चेहरा भरला, अंग भरलं. तेही सुईचंच, पण आत्याबाई तुझ्या गालावर हात ठेवून म्हणायच्या, "पोरगं चांगलं पोसून राह्यलं." दवाखान्याचं कोणी काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "घरातच आशा हाये, आमाले दवाखाना कायले पायजे?" बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा चारचौघांत आपली म्हटलं. माझ्या दोन्ही मुली झाल्या तेव्हा त्या पाळण्याजवळसुद्धा बसल्या नव्हत्या.

सप्टेंबरची सुई घ्यायला तू आलीच नाहीस. मीही आठवण करून दिली नाही. म्हटलं, लाड चालले आहेत तोवर करून घे. धावणंही तू सोडलंस, कंटाळली असशील, वजनही वाढलं होतं.

मला त्या दिवसांची अजून आठवण येते. हे लिहायची लाज वाटते, पण येते.

कांता


कोसमटोला
१२ फेब्रुवारी २०२४

चंचल,

पोस्टमन देवरावला मी रोज विचारते आणि तो मान हलवतो. आता तर मला पाहून सायकलची घंटीही वाजवत नाही.

काल सिंदेवाहीचे पाहुणे आले होते. मुलीचा बाप साधा माणूस आहे. चहाच्या आधीच त्यानं विचारलं की पहिली का गेली, आम्हाला कळलं पाहिजे. प्रफुल खाली बघत होता. आत्याबाई म्हणाल्या, "लेकरू पोटात असताना सुई घेतली तिनं. मारलं तिनं लेकरू."

माझ्या हातात ट्रे होता. मी सगळ्यांना चहा दिला. साखर बरोबर आहे ना, तेही विचारलं. मग गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर डोकं ठेवून उभी राहिले. आज लिहिते आहे, आणि सगळं लिहिते आहे.

श्रावणात आत्याबाईंनी मला म्हटलं, तपास. तू स्टीलच्या वाटीत लघवी आणून दिलीस. मी आत जाऊन पट्टी बुडवली. एकच रेघ आली. एकच येणार होती, मला माहीत होतं. दोन सुया घेतल्यावर पाळी थांबली तर तो सुईचा गुण, पोटात काही नसतं. मी पट्टी चुलीत टाकली, बाहेर आले आणि म्हटलं, "हाये."

का म्हटलं? नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तयारच होता, "मंग पाळी काऊन नाई आली?" त्याचं उत्तर एकच होतं आणि ते दिलं असतं तर थोरलीनं धाकटीला सुई टोचून आणली हे निघालं असतं. माझं आशाचं काम त्याच दिवशी बंद. तुझे भाऊजी, म्हणजे माझा धनराज, आधीच म्हणत असतो की बाईनं गावभर फिरू नये. हे एक कारण. दुसरं असं की आत्याबाई माझ्या तोंडाकडे ज्या आशेनं पाहत होत्या, तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी राहून तुझ्याकडे पाहिलं. तू तोंडावर पदर धरलास. मला वाटलं, हसू दाबतेस. मला वाटलं, आता हे आपल्या दोघींचं.

म्हटलं, दोन-तीन महिन्यांत पाळी येईल, तेव्हा पडलं म्हणू. किती बायकांचं पडतं. तोवर तुझे लाड, माझा मान. नोव्हेंबरात धानाचे भारे बांधताना खळ्यावरच तुझं अंगावरून जायला लागलं, एकदम, खूप. सुई बंद केली की पाळी येते ती कधी कधी अशीच येते. तू खळ्यावर बसून जो आक्रोश केलास, तो ऐकून मी मनात म्हटलं, ही बाई झाडीपट्टीच्या नाटकात शोभेल. इतकं कसं जमतं हिला, असंही वाटलं. आत्याबाईंनी तुला छातीशी धरलं. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा मात्र मला भीती वाटली, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले.

मग मागच्या फेब्रुवारीत प्रफुल आधार कार्ड शोधत होता आणि तुझ्या पेटीत सुईचं कार्ड सापडलं. दोन तारखा. त्यानं बोटांवर महिने मोजले. जूनची सुई, श्रावणात दोन महिने उलटलेले, म्हणजे लेकरू राहिलं आणि हिनं वरून सुई घेतली. त्याचा हिशेब चुकला होता. सुई अंगात असताना लेकरू राहिलंच नव्हतं. आणि राहिलेलं असतं तरी सुईनं ते पडत नाही. हे सांगू शकणारी एकच बाई त्या अंगणात होती, आणि ती सुपात तांदूळ पाखडत होती.

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बाई, तुमी सांगा ना."

मी म्हटलं, "मले नाई माहीत. माह्यासमोर नाई घेतली तिनं."

त्यानंतर त्यानं तुझ्यावर हात उचलला, तेव्हा मी सूप खाली ठेवलं, एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी तू आलापल्लीच्या गाडीत बसलीस. मी तुला सोडायलासुद्धा आले नाही, कारण तू काही बोलली असतीस तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

तुला हे सगळं माहीतच आहे. तरी एकदा माझ्या हातानं लिहायचं होतं. आता घरात बोलायचं राहिलं. शिवरात्रीच्या आत बोलते. नाही बोलले तर माझ्या नावानं पाणी सोड.

कांता


कोसमटोला
२७ फेब्रुवारी २०२४

चंचल,

बोलले.

परवा दुपारी सगळे अंगणात होते. आत्याबाई लाखोळीचे दाणे निवडत होत्या, मामाजी दोर वळत होते, प्रफुल आणि माझा नवरा ट्रॅक्टरचं काहीतरी बोलत होते. मी आशाची पिशवी घेऊन गेले, त्यातून पट्टी काढली आणि सगळ्यांच्या मधे ठेवली. म्हटलं, मले सांगायचं हाये, मधात कोनी बोलू नका. मग पहिल्या बाजारापासून सांगितलं. भज्यांचंही सांगितलं, ते कशाला सांगितलं देव जाणे.

आत्याबाईंचा हात लाखोळीत तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे पोटात कोनीच नोहतं?"

"कोनीच नोहतं, आत्याबाई."

"मंग मी रडली कोनाले?"

त्या उठल्या, पाटीतली लाखोळी निवडलेली आणि न निवडलेली एकत्र झाली, तशीच टाकून आत गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझ्या भाऊजींनी माझ्या हातचं जेवणं सोडलं आहे. मोठी मुलगी त्यांना वाढते आणि माझ्याकडे चोरून पाहते. आशाच्या कामाचं अजून कोणी काही बोललं नाही, बोलतील. मी त्या दिवशीच आमच्या आशांच्या गटाच्या बाईंना फोन करून सांगून टाकलं की मी घरच्याच बाईला चोरून सुई देऊन आणली आणि नंतर पट्टीचं खोटं सांगितलं, काय करायचं ते करा. त्या म्हणाल्या, लिहून द्या. दिलं लिहून.

प्रफुलनं तिथेच फोन काढला आणि सिंदेवाहीला सांगितलं की साक्षगंध होणार नाही. कारण विचारलं असेल, तर हा म्हणाला, माझीच चूक आहे. मग तो पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसला. मी जवळ गेले तर म्हणाला, "वहिनी, मी हात उचलला होता तिच्यावर. तुमच्या समोर." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार.

मामाजी आतापर्यंत एकच वाक्य बोलले आहेत, "पोरीले आना." फारकतीचा कागद त्यांनी कुठे ठेवला ते कोणाला माहीत नाही. प्रफुल तुला आणायला दुसऱ्याच दिवशी निघाला होता. मीच अडवलं. म्हटलं, तिचं उत्तर येऊ दे.

माझा भाग मी केला, चंचल. खेळ आपण दोघींनी मांडला होता आणि शिक्षा एकट्या तुला झाली. आता ती फिटली असं मी म्हणत नाही, पण निदान खोटं तरी मिटलं. तू आता ये. पडवी मी मुलींना अभ्यासाला दिली आहे. बाहेर बसायचं आता माझ्याच्यानं होणार नाही, आणि आत्याबाई बोलतच नाहीत, तर नाही कोण म्हणणार?

तुझी वाट पाहणारी,
कांता


सिरोंचा
१० मार्च २०२४

बाई,

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिली तीन मी उघडली नव्हती. चौथं सुनिलनं उघडलं आणि मला बसवून वाचून दाखवलं. मग बाकीची मी वाचली. तिसरं चारदा वाचलं.

तुम्ही लिहिता, तुला माहीतच आहे. मला माहीत नव्हतं.

सुईनं पाळी बंद होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गोठ्यात तुम्ही एवढंच म्हणालात की तीन महिने लेकरू राहत नाही आणि कोणाला कळत नाही. बाकीचं सिस्टर सांगणार होती, तर तुम्हाला गाडीची घाई होती. रोवणी झाली तरी पाळी आली नाही तेव्हा मला वाटलं, सुई माझ्या अंगाला लागली नाही. नंतर तुम्ही पट्टी पाहून बाहेर आलात आणि म्हणालात, आहे. तुम्ही आशा. मी दुसऱ्या कोणाला विचारणार होते? पदर तोंडावर धरला तो हसायला नाही. भरती गेली म्हणून रडू आलं होतं, आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं, आणि ते कोणाला दिसू नये असं वाटत होतं.

धावणं मी कंटाळून सोडलं नाही. त्याला धक्का लागेल म्हणून सोडलं. सप्टेंबरच्या सुईला आले नाही तेही त्याच्यासाठी. आपल्यात खेळ वगैरे काही नव्हता, बाई. तुम्ही एकट्याच खेळत होतात.

खळ्यावर मी नाटक केलं नाही. आत्याबाईंनी ते रक्ताचं फडकं जिथे पुरलं ती जागा मी पाहून ठेवली होती आणि घर सोडायच्या दिवशी सकाळी तिथे जाऊन आले होते. प्रफुल म्हणाला सुईनं मेलं, तेव्हा मी तुम्हाला कबूल करा म्हणत नव्हते. मी खरंच विचारत होते, सुईनं मरतं का? तुम्ही म्हणालात, माहीत नाही. मग मी धरून चालले की मीच मारलं. गेलं वर्षभर मी गोदावरीपलीकडे मिरच्या तोडायला जाते. सोबतच्या बायका विचारतात, लेकरं किती, आणि मी दर वेळी सांगते, एक होतं.

सुई मी मागितली होती. तिचा राग नाही. उद्या गरज पडली तर पुन्हा घेईन, पण आधी ते पुस्तक पूर्ण वाचीन.

आत्याबाईंना सांगा, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले ते मी विसरले नाही. मामाजींना नमस्कार. प्रफुलला मात्र पाठवू नका. कागदावर सही केलेली नाही. करायची की नाही, ते नंतर पाहीन.

आधी तुम्ही या. एकट्या या. आलापल्लीला गाडी बदलावी लागेल, सुनिल स्टँडवर येईल. चारदा वाचूनही कागदावरचं ते माझ्या मनात उतरत नाही. वाचताना कळतं, आणि कागद घडी करून ठेवला की ते लेकरू पुन्हा असतं. माझ्यासमोर बसा आणि तोंडानं सांगा की तिथे कोणी नव्हतं. तुम्ही आहे म्हणालात, ते मी ऐकलं होतं. नाही म्हणाल, तेही ऐकीन.

चंचल